डावा दरवाजा, उजवा कौल

स्टॅन्ली नावाचा एक कारकून आहे. कर्मचारी क्रमांक ४२७. पडद्यावर जी कळ दाबायला सांगतील ती दाबायची, एवढंच त्याचं काम, आणि त्यात तो सुखी आहे. एके दिवशी हुकूम यायचे थांबतात. तो खोलीबाहेर येऊन बघतो तर अख्खं ऑफिस रिकामं. चालत चालत तो एका खोलीत येतो. समोर दोन दरवाजे, दोन्ही उघडे. निवेदकाचा भारदस्त, थोडासा खट्याळ आवाज सांगतो, की स्टॅन्ली डावीकडच्या दरवाजातून आत गेला. ‘गेला’, भूतकाळात. स्टॅन्ली अजून जागचा हललेला नाही. त्याला हलवणारी बोटं माझी आहेत, आणि ती कीबोर्डवर नुसती टेकलेली आहेत.

‘द स्टॅन्ली पॅरेबल’ हा गेम डेव्ही रेडन याने २०११ साली ‘हाफ-लाइफ २’ या प्रसिद्ध गेमच्या सांगाड्यावर उभा केला आणि फुकट वाटला. पुढे विल्यम प्यू याच्या साथीने २०१३ मध्ये तो स्वतंत्रपणे आला. निवेदकाचा आवाज केव्हन ब्रायटिंग यांचा. उजवीकडे गेलात तर हा निवेदक रुसतो, सारवासारव करतो, तुम्हाला पुन्हा आपल्या गोष्टीत ओढायला बघतो. आणि त्याचा शब्दन् शब्द ऐकलात तर शेवटी माणसांच्या मनावर ताबा ठेवणारं यंत्र तुम्ही बंद करता, भलामोठा दरवाजा उघडतो, बाहेर हिरवळ असते आणि निवेदक जाहीर करतो की स्टॅन्ली आता मुक्त झाला. नेमक्या त्या क्षणी तुमच्या हातातली सूत्रं काढून घेतलेली असतात. स्टॅन्ली हिरवळीवर आपोआप चालत जातो. तुम्ही काहीही दाबा.

आमच्या विमा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी एकदा जेवणाच्या सुट्टीत मी असाच एक छोटा गेम खेळत असताना माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं होतं, ‘‘यात जिंकायचं कसं?’’ म्हटलं, जिंकायचं नसतं. ‘‘मग गुण? पैसे?’’ तेही नाही. ‘‘आणि तुम्ही काय निवडलंत त्याने शेवट बदलतो का?’’ बहुतेक वेळा नाही, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की दावा फेटाळताना मीही तसंच बघत असेन. पण त्यांचा प्रश्न खरा होता, आणि तो तत्त्वज्ञानातला जुनाच प्रश्न आहे. निकाल ठरलेला असताना निवडण्यात सुख कसलं? दहा-वीस मिनिटांचे, स्वप्नासारखे विचित्र, दोन-तीन पर्यायांवर चालणारे हे छोटे गेम एकट्या-दुकट्या माणसाने किंवा चार जणांच्या चमूने केलेले असतात. त्यांत चकचकीत युद्धं नाहीत, बक्षिसं नाहीत. तरी जगभर माणसं रात्री जागून ते खेळतात. मीही खेळते, डोंबिवलीच्या लोकलमध्ये जागा मिळाली तर.

माझ्यापुरतं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. मी गुरवाच्या घरातली. कुडाळजवळच्या एका गावात रवळनाथाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडे होती आणि बाबा कौल लावायचे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुठे पाकळ्यांऐवजी पानं असतात, कुठे तांदूळ. गावागणिक रीत वेगळी. आम्ही मुली गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बघायचो. विहीर कुठे खणायची, मुंबईला जायचं की इथेच राहायचं, भावाशी वाटणी आत्ता मागायची की पावसाळ्यानंतर, म्हशीला कोणी काही केलंय का, असलं सगळं तिथे यायचं.

लोकांना वाटतं कौलात मुख्य गोष्ट पाकळी. मला आठवतं ते पाकळीच्या आधीचं. माणूस येऊन बसायचा आणि बोलत सुटायचा. जमिनीपासून सुरू करून मेहुण्यापर्यंत, मेहुण्यापासून पोटदुखीपर्यंत. बाबा ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, ‘‘ह्या सगळा देवाक म्हायत आसा. तुका इचारूचा काय ता आधी ठरव.’’ मग तो माणूस गप्प व्हायचा. अर्धा तास बोललेल्या सगळ्यातून एक प्रश्न काढायचा, आणि तोही असा की त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरेल, हे भयंकर अवघड काम असतं. काही जण तिथेच रडायला लागायचे. काही जण ‘उद्या येतंय’ म्हणून उठायचे आणि यायचेच नाहीत. त्यांना प्रश्न सापडला होता आणि आता देवाची गरज नव्हती, किंवा प्रश्न सापडला होता आणि तो देवासमोर बोलण्यासारखा नव्हता. मग ज्याला प्रश्न जमला त्याच्यासाठी बाबा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करायचे आणि प्रत्येक वाक्याला भोवतीची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची.

पर्यायांचे गेम करणारा माणूस हेच करत असतो. जगातला सगळा गुंता बाजूला सारून तो दोन वाक्यं समोर ठेवतो आणि गप्प बसतो. ती दोन वाक्यं वाईट लिहिलेली असली तर खेळ तिथेच मरतो. चांगली असली, तर आपल्या मनातल्या कुठल्या तरी जुन्या अर्ध्या तासाच्या बडबडीतून कुणीतरी प्रश्न वेगळा काढून दिल्यासारखं वाटतं.

गेमवाल्यांमध्ये एक वाद कायम चालतो. एका बाजूचं म्हणणं, तुमच्या निवडीने गोष्ट बदलत नसेल तर ती निवड म्हणजे फसवणूक. दुसऱ्या बाजूला ‘केंटकी रूट झीरो’सारखे गेम ठेवतात. हा अमेरिकेतल्या तीन जणांनी, ‘कार्डबोर्ड कॉम्प्युटर’ या नावाने, २०१३ ते २०२० अशी सात वर्षं घेऊन पाच अंकांत पुरा केला. कॉनवे नावाचा म्हातारा ट्रकवाला जुन्या वस्तूंच्या दुकानाचा माल पोचवायला निघालाय, रस्ता चुकलाय, आणि ज्या पेट्रोल पंपावर थांबतो तिथे छपरावर घोड्याचं प्रचंड मुंडकं आहे. सोबत त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव काय, असं कुणीतरी विचारतं आणि उत्तराचे पर्याय येतात. एक नाव, दुसरं नाव, किंवा असाच कुठला तरी कुत्रा, नाव मला ठाऊक नाही. यातलं काहीही निवडा, ट्रक त्याच रस्त्याने जाणार. पण ज्याने कुत्र्याला नाव दिलं त्याचा कॉनवे आणि ज्याने ओळखच नाकारली त्याचा कॉनवे, ही दोन वेगळी माणसं त्याच रस्त्याने जातात.

पहिल्या बाजूच्या लोकांना निवड म्हणजे खटका वाटतो. दाबला की काहीतरी पेटलं पाहिजे. मला निवड हे बोलणं वाटतं. बोलण्याने दर वेळी काही होतंच असं नाही, म्हणून आपण मुके होत नाही.

इथे मला थोडं सावध राहायला हवं, कारण याच युक्तिवादाने बायकांना पिढ्यान्‌पिढ्या गुंडाळलं गेलंय. माझ्या लग्नाचा कौल उजवा आला होता. तारीख, हॉल, आचारी, सगळं हळूहळू जमत आलं होतं, आणि मग एका संध्याकाळी बाबांनी पडवीत बोलावून विचारलं, ‘‘तुका पसंत आसा मा?’’ मी जरा वेळ थांबून होय म्हटलं. नवरा चांगला निघाला, तो भाग वेगळा. ठरलेल्या गोष्टीवर होकाराचा शिक्का हवा म्हणून विचारलेला प्रश्न आणि खरा प्रश्न यांत फरक असतो, आणि तो मला त्या वयातही कळत होता. तरी ते ‘जरा वेळ थांबणं’ माझं होतं. तेवढ्या वेळात मी त्या माणसाचा चेहरा, कुडाळची एसटी, मुंबईतली मावशीची खोली, सगळं एकदा डोळ्यांसमोर आणलं. मला कुणी विचारलंच नसतं तर मी ते कधीच आणलं नसतं.

मग गेम आणि ती पडवी यांत फरक काय? फरक प्रामाणिकपणाचा. पडवीत प्रश्न असा आव आणतो की उत्तराने सगळं बदलू शकतं. स्टॅन्लीचा निवेदक तर उघडच सांगतो की मी सगळं लिहून ठेवलंय, आता बोल. या उघडेपणात एक मोकळीक आहे. बदल घडवण्याची जबाबदारी खांद्यावरून उतरली की निवडणारी मी तेवढी उरते. माझा दिवस जातो तो अर्जांवर खुणा करण्यात, आणि तिथली प्रत्येक खूण कुणाच्या तरी पैशाला लागते. तिथे मी कशी निवडते हे मला कधी दिसतच नाही. मला फक्त परिणाम दिसतो. याला लगेच निष्काम कर्म म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. फळ समोर असताना त्याला न चिकटणं हे निष्काम. गेममध्ये फळच नसतं, त्यामुळे त्यात पुण्यही नाही. फार तर तालीम म्हणा.

आणि हे गेम इतके विचित्र का असतात? नेहमीच्या घरातलं, नेहमीच्या ऑफिसातलं का लिहीत नाहीत?

पाओलो पेदेर्चिनी हा इटालियन कलावंत ‘मोलेइंदुस्त्रिया’ या नावाने गेम करतो. २००९ चा त्याचा ‘एव्हरी डे द सेम ड्रीम’ पंधरा-वीस मिनिटांत संपतो. राखाडी रंगाचा माणूस उठतो, सूट घालतो, स्वयंपाकघरात बायको उशीर झाल्याचं सांगते, लिफ्ट, गाडी, वाहतूक कोंडी, एकसारख्या टेबलांची न संपणारी रांग, आपलं टेबल, आणि पुन्हा पहाट. लिफ्टमध्ये एक म्हातारी भेटते. ती सांगते, अजून पाच पावलं, मग तू नवा माणूस होशील. ती पावलं कुठली हे सांगत नाही. कपडे न घालता कामावर जाऊन पाहिलं की एक. भर रस्त्यात गाडी सोडून शेतात उतरलं आणि तिथे उभ्या गाईला हात लावला की एक. झाडावरून गळणारं पान पकडलं की एक. गाडीकडे न जाता उलट्या दिशेला गेलं की एक बेघर माणूस भेटतो, तो स्मशानात घेऊन जातो. पाचवं पाऊल छतावरून जातं. त्यानंतरच्या सकाळी शहरात कुणीच नसतं. छतावर एक माणूस मात्र असतो, आणि तो कोण हे ओळखायला वेळ लागत नाही. हा शेवट मला पटत नाही. चार पावलांची जी मुक्त गंमत होती ती शेवटाला एकाएकी उपदेश होते, आणि उपदेशही निराशेचा. पण गाय पटते.

गाईला हात लावावा की नाही, ऑफिसला जायच्या वाटेवर, सूटमध्ये? याला रीत नाही. आजीने सांगितलेलं नाही, ऑफिसच्या परिपत्रकात नाही, शेजारी काय म्हणतील हा प्रश्न नाही कारण तिथे शेजारीच नाहीत. रोजच्या जगात आपली बहुतेक उत्तरं आधीच कुणीतरी दिलेली असतात आणि आपण ती उचलतो. विचित्र जागेत उचलायला तयार उत्तर मिळत नाही. म्हणून तिथे जे निवडलं जातं ते बरंचसं आपलं असतं.

आपल्याकडे ही युक्ती जुनी आहे. योगवासिष्ठात लवण राजाची गोष्ट येते. भरल्या दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, आणि राजा समोरच्या घोड्याकडे बघता बघता थिजतो. घोडा त्याला कुठल्या कुठे घेऊन जातो. भुकेने व्याकूळ राजा एका चांडाळ मुलीशी लग्न करतो, मुलं होतात, म्हातारपण येतं, दुष्काळ पडतो, आणि मुलासाठी तो आगीत उडी घ्यायला निघतो. तेवढ्यात जाग. दरबारात थोडाच वेळ गेलाय, माणसं तशीच बसलेली. पुढचा भाग मला अधिक आवडतो. राजाला चैन पडत नाही, तो ती जागा शोधत जातो, आणि तिथे ती वस्ती खरंच असते, गेलेल्या जावयासाठी रडणारी सासूसुद्धा. मूळ ग्रंथ याचा उपयोग जग मिथ्या आहे हे सांगायला करतो. मला त्यातून उलटंच ऐकू येतं. राजाने त्या थोड्या वेळात जे सोसलं ते खोटं ठरवून टाकायची सोय त्याला होती, आणि तरी तो शोधायला गेला.

आता तो गेम, ज्याने मला गीता पुन्हा काढायला लावली. क्रिस क्लायमस याने २००९ मध्ये ‘ट्वाइन’ नावाचं फुकट साधन काढलं; प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही त्यात पर्यायांची गोष्ट लिहिता येते. त्यावर झोई क्विन यांनी २०१३ साली दोन सहकाऱ्यांसह ‘डिप्रेशन क्वेस्ट’ आणला. निराशेच्या आजारातल्या एका तरुणाचे साधे दिवस. मित्राने बोलावलंय, पर्याय चार. पहिला : हसत जायचं आणि मजा करायची. तो पर्याय समोर लिहिलेला असतो, वाचता येतो, पण त्यावर लाल रेघ मारलेली असते. निवडता येत नाही. आजार वाढत गेला की रेघा वाढतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (३.३६) अर्जुन विचारतो, की माणसाला इच्छा नसतानाही, जणू कुणी बळजबरीने जुंपावं तसा तो पाप का करतो? हा प्रश्न मी शाळेत पाठ केला होता. रेघ मारलेला पर्याय पाहीपर्यंत तो मला दिसला नव्हता. योग्य काय ते समोर लिहिलंय, वाचता येतंय, आणि बोट तिथे जात नाही. लोक आजारी माणसाला ‘बाहेर पड, चार लोकांत मिसळ’ म्हणतात तेव्हा त्यांना पर्याय दिसतो, रेघ दिसत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं एक अख्खं प्रकरणच आहे. सगळंच कर्माच्या साखळीत बांधलेलं असेल तर माणसाने हे कर, ते करू नको या सांगण्याला अर्थ काय, असा तिथला पेच. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की देह आणि इंद्रियं बांधलेली असली तरी आत्मा मुळात स्वतंत्र आहे आणि सुटकेकडे जायची ओढ तो लावू शकतो. तुरुंगात बसलेल्या माणसाने हे लिहावं यात जोर आहे. पण रेघ मारलेल्या पर्यायासमोर बसलेल्याला हे उत्तर थोडं उंचावरून आल्यासारखं वाटतं.

अठरावा अध्याय जास्त जवळून बोलतो, निदान मला. ५९व्या आणि ६०व्या श्लोकांत कृष्ण अर्जुनाला सांगतो की ‘लढणार नाही’ हा तुझा निश्चय फोल आहे, तुझा स्वभावच तुला लढायला लावील, नको असलेलं तू परवश होऊन करशील. ६१ : ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवत असतो. ६२ : त्यालाच शरण जा. आणि लगेच ६३ : मी सांगायचं ते सांगितलं, याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर.

यंत्रावर बसवलंय, आणि हवं ते कर. मध्ये फक्त एक श्लोक. ही विसंगती आहे असं मला कॉलेजात वाटायचं. आता वाटतं की कुणीतरी फार जाणून या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात. पुढचं तर आणखी मौजेचं. ‘हवं ते कर’ म्हणून कृष्ण गप्प बसत नाही. ६४व्या श्लोकात तो म्हणतो, पुन्हा एकदा ऐक, सगळ्यांत गुप्त असं आत्ता सांगतो, कारण तू मला फार आवडतोस. निवेदकाला राहवत नाही. आणि अगदी शेवटी, ७२ मध्ये, सर्वज्ञ असलेला तो अर्जुनाला विचारतो : नीट ऐकलंस ना? तुझा मोह गेला ना? ज्याला सगळं ठाऊक, तो विचारतो. अर्जुन म्हणतो, संशय गेला, तुझ्या सांगण्याप्रमाणे करीन. म्हणजे तो डाव्या दरवाजातूनच गेला. लढाई व्हायचीच होती. पण पहिल्या अध्यायात यंत्रासारखा रथात बसून आलेला अर्जुन आणि विचारल्यानंतर ‘करीन’ म्हणणारा अर्जुन यांना एकच माणूस मानायला मी तयार नाही. विचारण्याने युद्ध बदललं नाही. ज्याला विचारलं तो बदलला. या छोट्या गेमांची ओढ मला इथे सापडते : कुणीतरी विचारावं, आणि उत्तर फुकट जाणार हे माहीत असूनही उत्तर देण्याइतकं आपण जागं असावं.

निवड अजिबात नको असणारे खेळही आपल्याकडे होते. मोक्षपट, ज्याची पुढे सापशिडी झाली आणि ज्याची परंपरा काही जण ज्ञानेश्वरांपर्यंत नेतात, त्यात खेळणारा काहीच ठरवत नाही. कवड्या पडतील तसं जायचं, दयेच्या शिडीने वर, क्रोधाच्या सापाने खाली. तिथे सगळा अर्थ घरांच्या नावांत. या दोन टोकांच्या मधली एक जागा एडवर्ड पॅकर्ड यांनी दाखवली. ‘पुढे काय ते तुम्ही ठरवा, अमुक पानावर जा’ अशा धर्तीच्या मुलांच्या पुस्तकांचे ते जनक. त्यांच्या १९८२ सालच्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ या पुस्तकात अल्टिमा नावाचा एक स्वर्गासारखा ग्रह आहे. तिथे पोचल्याचं पान पुस्तकात आहे, पण कुठलाही पर्याय तुम्हाला त्या पानावर पाठवत नाही. नियम पाळून, कितीही हुशारीने निवडून, तिथे जाता येत नाही. पुस्तक नुसतं चाळताना ते पान उघडलं तरच. मुलांच्या पुस्तकात कृपेचा सिद्धांत इतक्या सरळपणे घातलेला मी दुसरा पाहिला नाही. भागवतातला अजामेळ मरताना धाकट्या मुलाला हाक मारतो, मुलाचं नाव नारायण, आणि विष्णूचे दूत येतात. त्याने देव निवडला नव्हता. चुकून क्लिक झालं आणि पान उघडलं. अशा गोष्टी ज्यांना अन्याय्य वाटतात त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. कौल घ्यायला आलेल्यांतले निम्मे लोक अशाच पानाच्या शोधात असत.

छोटेपणाबद्दल एवढंच. ॲना ॲन्थ्रोपी यांचा २०१३ चा ‘क्विअर्स इन लव्ह ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ दहा सेकंद चालतो. जगाचा अंत होतोय, समोर प्रिय व्यक्ती आहे, बाजूला घड्याळ उलटं मोजतंय, आणि शब्दांवर क्लिक करत जायचं : हात धर, चुंबन घे, सांग. वाक्य वाचून होईपर्यंत सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा मी पर्याय वाचतच बसले. दुसऱ्यांदा भराभर दाबले आणि काय दाबलं ते कळलं नाही. लोकलमध्ये मुंब्र्याहून दिव्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे जग कितीदा तरी संपतं. दहा सेकंदांत विचार होत नाही. जे सवयीने येतं तेच येतं. अंतकाळी मनात जे असेल तशी गती, असं गीता आठव्या अध्यायात म्हणते, आणि त्यावर पुराणिक नेहमी सांगतात की म्हणून आयुष्यभर नाम घ्या, ऐन वेळी सुचणार नाही. त्यांचं सांगणं मला या गेमने जितकं पटवलं तितकं कुठल्या प्रवचनाने पटवलं नव्हतं. अर्थात ॲन्थ्रोपींच्या मनात हे मुळीच नसणार.

शेवटचा गेम रशियातला. निकिता क्र्युकोव्ह याने २०२० मध्ये काढलेला, नाव लांबलचक : ‘मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क’. काळपट लाल-जांभळी चित्रं, घरघरणारा आवाज, वीस मिनिटांच्या आत संपतो. एका मुलीला दुकानात जाऊन दूध आणायचंय. तिच्यासाठी हे काम डोंगराएवढं आहे. माणसं तिला माणसांसारखी दिसत नाहीत. ते पार पडावं म्हणून ती आपण एका गेममध्ये आहोत अशी कल्पना करते, आणि आपण, खेळणारे, तिच्या डोक्यातला आवाज असतो.

इथे जागांची अदलाबदल झालेली आहे. आजवर मी स्टॅन्ली होते आणि निवेदक वर कुठेतरी होता. इथे तिच्या आत बसलेली मी. ६१व्या श्लोकातली जागा माझी. आणि त्या जागेवर बसून कळतं की हातात काहीच नाही. मी तिचे पाय हलवू शकत नाही, दुकान जवळ आणू शकत नाही, दुकानदाराचा चेहरा सरळ करू शकत नाही. ती काहीतरी बोलते, माझ्यासमोर दोन वाक्यं येतात, एक जरा मायेचं आणि एक तोडून टाकणारं, बस. फार तोडून बोललं तर ती आपल्याशी बोलणंच बंद करते आणि खेळ तिथेच थांबतो. अंतर्यामीला हाकलून देता येतं, हे मी कुठल्याही भाष्यात वाचलं नव्हतं.

शास्त्र्यांना हे चालणार नाही, मला माहीत आहे. त्यांचा ईश्वर फिरवणारा आहे, मी फक्त सोबत चालत होते. पण ‘हवं ते कर’ असं म्हणणारा, मग न राहवून ‘पुन्हा ऐक’ म्हणणारा, आणि शेवटी ‘ऐकलंस ना?’ असं विचारणारा तो, मला त्या वीस मिनिटांनंतर बराच समजला. मी मायेची वाक्यं निवडत गेले. मध्येच एकदा तिच्या घोळाचा कंटाळा येऊन दुसऱ्या वाक्याकडे बोट गेलं होतं, ते मागे घेतलं. ती दूध घेऊन घरी पोचली. माझ्यामुळे पोचली की मी नसते तरी पोचली असती, हे गेमने सांगितलं नाही, आणि २०२१ मध्ये तिची पुढची गोष्ट आली तेव्हा मी ती लगेच विकत घेतली, कारण त्या रात्री तिला झोप लागते का ते मला बघायचं होतं.